झोक्याखालचा खळगा

झोका वापरात आहे की नाही हे पाहायचं असेल तर झोक्याकडे पाहू नये. रंग काय, वापरला तरी उडतो आणि नाही वापरला तरी उडतो. पाहायचं ते खाली. पोरं झोका घेताना जमिनीवर पाय मारतात, थांबवताना घासतात, आणि तसं करता करता सीटच्या बरोबर खाली एक वाटोळा खळगा पडतो. खळगा खोल असेल तर आसपास पोरं आहेत. खळग्यात गवत उगवलं असेल तर नाहीत. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

मी नगरपालिकेच्या उद्यान खात्यात फिटर आहे. झोके, घसरगुंड्या, सी-सॉ यांचे नट आवळायचे, वंगण घालायचं, तुटलेलं जोडायचं, हे माझं काम. लागले तेव्हा खात्यात मी एकटीच बाई होते, म्हणून सगळे ‘फिटरबाई’ म्हणू लागले, आणि आता निवृत्ती तोंडावर आली तरी तेच चालू आहे. तेव्हा माझा अर्धा वेळ खळगे भरण्यात जायचा. शाळांना सुट्टी लागली की ट्रक भरभरून माती लागायची. सकाळी भरलेला खळगा संध्याकाळी पुन्हा हजर. झोक्यामागे रांग, रांगेत मारामाऱ्या, कोणाचा तरी गुडघा फुटलेला, आणि कोणाची तरी आई माझ्याशी भांडायला आलेली, जणू पोरगं मीच ढकललं होतं. मी ड्रायव्हरला म्हणायचे, "ही कार्टी माझ्या हाडांची माती करणार." आमच्या ट्रकचा ड्रायव्हर तेव्हापासून तोच आहे आणि त्याचं उत्तरही तेव्हापासून तेच आहे. "कमी पडली तर तीही टाकू, बाई."

मग पोरं कमी होत गेली. एका दिवसात नाही. आधी रांगा गेल्या, मग मारामाऱ्या गेल्या, आणि एका सुट्टीत माझ्या लक्षात आलं की मागच्या वर्षीचा मातीचा ढीग अजून तसाच आहे आणि त्यावर मांजर व्यायलंय. सरकारने एके काळी पाट्या लावल्या होत्या, दोन पुरेत म्हणून. लोकांनी ऐकलं. इतकं ऐकलं की दोनाचं एक झालं आणि एकाचं एकही नाही. मग सरकार घाबरलं आणि तिसऱ्या मुलाला बक्षीस अशा पाट्या लागल्या. त्या कोणी वाचल्यासुद्धा नाहीत. थांब म्हटलं की थांबायला आणि चल म्हटलं की चालायला लोक म्हणजे काही आमचा ट्रक नव्हे. घरभाडी वाढली, लग्नं उशिरा होऊ लागली, काहींची झालीच नाहीत, आणि खरं सांगायचं तर पुष्कळांना आहे तेच आयुष्य बरं वाटलं.

खात्याने नियम केला. खळग्यात गवत उगवलं की झोका उतरवायचा आणि त्या जागी म्हाताऱ्या माणसांसाठी व्यायामाची यंत्रं बसवायची. बसवलेले झोके मीच उतरवत गेले. आमच्या गोदामात आता घसरगुंड्या एकीला एक टेकून उभ्या आहेत, आणि तिथे गेलं की मला उगाचच हळू बोलावंसं वाटतं.

या उतरवाउतरवीत एक गोष्ट मी घरी आणली होती. शहरातल्या सगळ्यात जुन्या झोक्याची फळी. रबराच्या सीट यायच्या आधीची, जाड लाकडाची, दोन पोरं शेजारीशेजारी बसतील एवढी रुंद, आणि बसून बसून इतकी गुळगुळीत की हात सरकत जातो. खातं ती जाळणार होतं. मी घासून, तेल देऊन कपाटामागे ठेवली. कोणासाठी ते सांगायला नको. मला एकच लेक. ती लोकांच्या कानांना ऐकायची मशिनं बसवते आणि सध्याच्या दिवसांत तिचा धंदा जोरात आहे. लग्न होऊन बरीच वर्षं झाली, जावई भला माणूस आहे, दोघं हसतखेळत असतात. एकदा मी धीर करून विचारलं.

"आम्हाला नकोय मूल, आई."

"का गं? काही अडचण?"

"अडचण काही नाही. इच्छा नाही. तुला काहीतरी कारण हवं असेल ना, म्हणजे तुला माझी कीव करता येईल. पण कारणच नाहीये."

मला राग आला, रडूही आलं, आणि दोन्ही मी भांड्यांवर काढलं. पुढे ते ओसरलं. लेक सुखी आहे हे मला दिसत होतं, आणि सुखी माणसाला समजवायला जाण्यासारखा दुसरा मूर्खपणा नाही. फळी मात्र कपाटामागेच राहिली. तिच्यावर धूळ बसली की मी पुसायचे, आणि पुसताना मला माझाच राग यायचा.

तर अशात साहेबांनी मला बोलावलं. साहेब म्हणजे आमचे खातेप्रमुख, वयाने माझ्याहून बरेच लहान, मऊ बोलणारे. म्हणाले, "चढावरच्या गल्लीतल्या बागेत एक सांगाडा आहे, दोन झोक्यांचा. त्या बाजूला तेवढाच उरलाय. बघून या. दोन्ही वापरात असतील तर राहू द्या. अर्ध्या सांगाड्याची देखभाल आपल्याला परवडत नाही."

मला त्या गल्लीची कल्पना होती. बत्तीस घरं आणि मूल एकच. मी ड्रायव्हरला साखळ्या ठेवायला पोती घ्यायला सांगितली. पोती घेतली म्हणजे झोका उतरवायचाच, हे त्यालाही माहीत होतं.

बागेत गेलो तर उजव्या झोक्याखाली गुडघ्याएवढं गवत. डाव्या झोक्याखाली मात्र जमीन उघडी, आणि चांगली खोलवर उकरलेली. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, पोती परत न्यायची की काय?"

मी उकिडवी बसले. खळगा होता, पण वाटोळा नव्हता. सीटच्या पुढे हातभर अंतरावर दोन लांब चर होते, टाचांनी ओढलेले. मुलांच्या टाचा तिथवर जात नाहीत. साखळीची कडी ताणून उघडली होती, आणि ती काही वीस किलोच्या वजनाने उघडत नाही. आणि कडेचं गवत? पायाने घासलेलं गवत आधी पिवळं पडतं, मग झिजतं. हे खुरप्याने सफाईने कापलं होतं.

मी मान वर केली. समोरच्या बाकांवर गल्लीतली सात-आठ म्हातारी माणसं ओळीने बसली होती आणि सगळी एकाच वेळी झाडांकडे बघू लागली. चोराच्या मनात चांदणं.

"खुरपं कोणाचं?" मी विचारलं.

बेकरीवाल्या मावशी उठल्या. त्यांची बेकरी मुलाने बंद केली होती, पण अंगाला अजून त्याच रुबाबाने कमरेवर हात ठेवायची सवय होती. म्हणाल्या, "माझं. पण नुसतं खुरपं नाही हं. आम्ही रोज पहाटे आळीपाळीने बसतोही. हे पोस्टमन, हे मास्तर, मी, सगळे."

"आणि त्या दुसऱ्या झोक्यावर?"

"दोन्हीकडे पुरतील एवढे गुडघे नाहीत आमच्याकडे," पोस्टमनकाका म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं. गल्लीतल्या एकुलत्या एक मुलीला सगळे भिंगरी म्हणतात. सात वर्षांची. आई इस्पितळात नर्स, बाप छापखान्यात. आईला नदीपलीकडच्या नव्या वसाहतीत नोकरी मिळत होती. तिथे शाळेचे वर्ग भरलेले आहेत, मैदान आहे. आईबापांचं ठरत नव्हतं. इथे घर स्वतःचं, इस्पितळ जवळ, पण मुलीला खेळायला कोणी नाही. बापाने परवा म्हटलं होतं, इथला झोकासुद्धा जाणार म्हणे, मग राहायचं तरी कशाला?

"लेकरू गेलं की गल्लीत उरतं काय?" मावशी म्हणाल्या. "आम्ही आणि आमच्या गोळ्या. बाई, तुम्ही फक्त एवढंच लिहा, झोका चालू आहे."

खोटं लिहायला मला आवडत नाही, आणि अशा माणसांना नाही म्हणायलाही आवडत नाही. मी वंगणाची बाटली काढून उगाच कड्यांशी झटत बसले.

तेवढ्यात भिंगरी शाळेतून आली. खांद्यावर दप्तर, एक मोजा घसरलेला. बाकांवरची माणसं लगबगीने उठली. मास्तरांनी रुमालाने सीट पुसली. पोस्टमनकाकांनी साखळी धरली. मावशी म्हणाल्या, "बस बाळा, तुझाच आहे हो." आणि सगळी पुन्हा ओळीने बसून तिच्याकडे कौतुकाने बघू लागली.

भिंगरी बसली. दोन झोके घेतले, तिसरा अर्ध्यात सोडला आणि उतरून माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"तुम्ही हा काढून नेणार?"

"बघते. तुला आवडतो का?"

तिने खांदे उडवले. "शर्यत लावायला कोणी नसतं."

"तो दुसरा आहे की."

"तो रिकामा असतो. रिकाम्या झोक्याला हरवून काय करू?" मग ती माझ्या कानाशी आली. "हे सगळे सकाळी झोक्यावर बसतात. मला खिडकीतून दिसतं. खूप हसतात. मास्तर आजोबांनी तर एकदा गाणंसुद्धा म्हटलं. मी आले की उतरतात."

"मग तू जातेस का त्यांच्यात?"

"मी गेले की बघत बसतात. टीव्ही बघतात तसे."

मला हसू आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. या माणसांनी पोरीसाठी झोका जपला, तिच्यासाठी पहाटे उठून गुडघे दुखवून घेतले, आणि तिला हवं होतं ते एवढंच, की ती आल्यावर त्यांनी उतरू नये.

मी बाटली खाली ठेवली, पाना कमरेला खोचला आणि गवतातल्या झोक्यावर जाऊन बसले. म्हणजे बसायचा प्रयत्न केला. रबराची सीट पोरांच्या मापाची आणि मी माझ्या मापाची. आत शिरले ते शिरलेच. भिंगरी धावत दुसऱ्यावर जाऊन बसली आणि म्हणाली, "एक, दोन, तीन." ती वर गेली. मी जागच्या जागी हलले. उतरायला गेले तर सीट माझ्याबरोबर उतरायला तयार. शेवटी ड्रायव्हरने एका बाजूने आणि पोस्टमनकाकांनी दुसऱ्या बाजूने ओढून मला मोकळं केलं. बाकांवर हसण्याचा नुसता कल्लोळ, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज भिंगरीचा.

"तुम्ही हरलात," ती म्हणाली.

"हरले खरी. पण सीट लहान होती."

"मग मोठी आणा."

किती सोपं सांगितलं पोरीने. मी ऑफिसात जाऊन साहेबांना जे होतं ते सांगितलं. खुरपंही सांगितलं, चरही सांगितले. साहेब पेन फिरवू लागले.

"पण ज्येष्ठांसाठी आपण यंत्रं देतोय ना?"

"यंत्रांवर ते आपली छत्री अडकवतात, साहेब. बसतात झोक्यावर."

"आणि दुसऱ्याखाली गवत आहे."

"त्याची सीट बदलते. मग बघा."

"मोठ्या सीट आपल्याकडे नाहीत."

"माझ्याकडे आहे," मी म्हटलं, आणि म्हटल्यावर माझं मलाच कळलं की मी काय बोलून बसले.

साहेब म्हणाले, "शाळांची सुट्टी संपताना मी स्वतः येईन. तेव्हाही गवत असेल तर सांगाडा उतरवायचा. मग मला काही सांगू नका."

रविवारी लेक जेवायला आली तेव्हा मी कपाट सरकवून फळी बाहेर काढत होते. तिने दुसरी बाजू धरली. फळी तिला माहीत होती. कोणासाठी ठेवली होती तेही माहीत होतं. आम्ही त्याविषयी कधी बोललो नव्हतो.

"कुठे नेतेस?"

मी सांगितलं. गल्ली, भिंगरी, मावशींचं खुरपं, मी अडकले ते सगळं. ती हसली नाही. फळीवर हात फिरवत राहिली.

"वाईट वाटतंय तुला?" तिने विचारलं.

"वाटतंय," मी म्हटलं. "खोटं कशाला बोलू? पण तुझ्यामुळे नाही. माझ्याच हट्टापायी ही फळी इतकी वर्षं कोणाचीतरी वाट बघत होती, आणि मी तिला सारखी पुसत होते. दमले मी."

लेकीने फळी उचलून काखेत घेतली आणि म्हणाली, "चल, मी येते. भोकं पाडताना फळी कोण धरणार तुझ्यासाठी?"

आम्ही दोघींनी मिळून ती बसवली. मी भोकं पाडली, तिने फळी धरली, जाड कड्या घातल्या, नट आवळले. गल्ली जमली होती. ड्रायव्हर सुट्टी असून आला होता, मला पुन्हा ओढावं लागलं तर, असं म्हणाला.

"वजन किती पेलेल?" मास्तरांनी विचारलं.

"कोणीतरी बसून बघायला हवं," मी म्हटलं आणि मावशींकडे पाहिलं. त्या मागे सरकल्या. भिंगरी समोर उभी होती ना, सवयीने सगळेच मागे सरकले.

माझी लेक पुढे झाली आणि फळीवर बसली. नीट, मध्यभागी, साखळ्या घट्ट धरून, लहानपणी मी शिकवलं होतं तशी. भिंगरीने तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुम्ही उतरणार तर नाही?"

"आधी हरव, मग उतरते," लेक म्हणाली.

भिंगरी उडी मारून आपल्या झोक्यावर चढली. दोघी सुटल्या. लेक चाळिशीची, केस सोडलेले, पाय लांब करून वर जात होती, आणि भिंगरी ओरडत होती की मोठे पाय म्हणजे लबाडी आहे. पहिल्यांदा भिंगरी हरली आणि रुसली. दुसऱ्यांदा पोस्टमनकाका बसले, त्यांना तिने सहज हरवलं आणि ते खरोखर चिडले, म्हणाले साखळीला तेल कमी आहे. मी म्हटलं, तेल मीच घातलंय, उगाच बोलू नका. मग मावशी बसल्या. फळीने हूं की चूं केलं नाही. कामावरून परत येताना भिंगरीची आई फाटकाशी थांबली, पांढऱ्या कपड्यांतच आत आली, आणि जरा वेळाने तिनेही विचारलं की नंबर कुठून सुरू होतो. त्या बागेत मी कितीतरी वर्षांनी रांग पाहिली. रांगेतलं सरासरी वय सत्तर असेल, पण रांग ती रांग. भांडण तर झालंच.

सुट्टी संपताना साहेब आले. त्यांनी आधी उजव्या झोक्याखाली पाहिलं. गवताचं नावसुद्धा नव्हतं. ते खाली बसले, चरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "बाई, हे काही लहान मुलांचं नाही."

"लहान मुलांचं आहे असं मी कुठे म्हटलं?"

साहेब उठले. इकडेतिकडे पाहिलं. मग पँटची माती झटकून फळीवर बसले, आणि भिंगरीने त्यांनाही हरवलं. यंत्रं अजून गोदामातच आहेत, घसरगुंड्यांच्या सोबतीला.

भिंगरीची आई नदीपलीकडे गेली नाही. निदान या वर्षी तरी नाही. तिने मला सांगितलं, "मुलीला विचारलं, जायचं का? तर म्हणे, तिथे शर्यतीला मावशी येतील का? मी म्हटलं, तिथे तुझ्याएवढी मुलं येतील. ती म्हणाली, आधी इथल्यांना हरवून संपवते, मग बघू." पुढच्या वर्षाचं कोणी सांगावं? पोरगी मोठी होईल, तिला मैदान हवं होईल, आणि जावंसं वाटलं तर गल्ली रडत रडत तिला निरोप देईल. पण झोका काढला म्हणून ती जाणार नाही, आणि मावशींना तेवढंच हवं होतं.

साहेब येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही माती घेऊन गेलो. जुन्या ढिगातली, मांजराला हुसकावून. डाव्या झोक्याखालचा खळगा आता वाटोळा होता, बरोबर सीटखाली. तो आधी भरला. मग उजव्याकडे वळले. पुढे लांब चर, मागे टाचांचे खड्डे, एकात एक मिसळलेले. त्यातला एक ठसा ओलसर मातीत स्वच्छ उमटला होता. पातळ टाच, आत वळलेली. लहानपणापासून माझी लेक तशीच चालते, उजवा पाय जरा आत टाकते, त्यावरून मी तिला किती रागावले असेन. ती हल्ली दर रविवारी इथे येते, हे मला भिंगरीकडून कळलं होतं. मला तिने सांगितलं नव्हतं.

मी फावडं घेऊन तशीच उभी राहिले. फळी मी ज्या नातवंडासाठी ठेवली होती ते काही आलं नाही. फळीवर माझी लेक आली. मला त्या क्षणी दुसरं कोणी हवं होतं असं वाटलंच नाही.

"बाई, भरू की राहू द्यायचं?" ड्रायव्हरने घमेलं हातात घेऊन विचारलं.

"भर," मी म्हटलं. "रविवारी ती परत पाडेल."